लिनक्स पॅकेजांचे अद्ययावतीकरण

लिनक्स या परिचालन प्रणालीवर चालणाऱ्या संगणकातील सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या काढून त्यांच्या जागी दुरुस्त केलेल्या किंवा सुधारलेल्या आवृत्त्या बसविण्याची प्रक्रिया. हे काम सुट्या आज्ञावल्यांवर न होता ‘पॅकेज’ या एककावर होते. पॅकेज म्हणजे एखादी आज्ञावली, तिला लागणाऱ्या इतर फायली, ती कोठे व कशी बसवावी याच्या सूचना आणि तिला दुसरी कोणती पॅकेजे आवश्यक आहेत याची यादी, या सर्वांचा एकत्र बांधलेला गठ्ठा होय. अद्ययावतीकरणाच्या दोन पायऱ्या असतात व त्यांची नावे सारखी असल्याने त्यांविषयी नेहमी घोटाळा होतो. ‘अपडेट’ या आज्ञेने संगणक भांडारातील पॅकेजांची ताजी यादी आणतो. प्रत्यक्षात काहीच बदलत नाही. ‘अपग्रेड’ या आज्ञेने त्या यादीनुसार नवी पॅकेजे उतरवून बसविली जातात. पहिली पायरी गाळून दुसरी उरकली, तर संगणक जुन्या यादीवर विसंबून ‘सर्व काही ताजे आहे’ असे सांगतो. हा फरक डेबियन व तिच्यापासून निघालेल्या वितरणांतील आहे; रेड हॅटच्या परंपरेत दोन्ही शब्द जवळजवळ समानार्थी मानले जातात व यादी आणण्याचे काम साधन स्वतःच करते.

इतिहास : लिनस तूरवाल्दस यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. त्या काळी आज्ञावली मिळवावयाची म्हणजे तिची मूळ संहिता आणून आपल्या यंत्रावर तिचे भाषांतर करून घ्यावे लागे. ती काढून टाकताना कोणती फाईल कोणाची, हे बसविणाऱ्याच्याच लक्षात असले तर असे. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पाने ‘डीपीकेजी’ हे साधन व १९९५ मध्ये रेड हॅट कंपनीने ‘आरपीएम’ ही पद्धती पुढे आणली आणि बसविलेल्या प्रत्येक फाईलची नोंदवही संगणकातच राहू लागली. एक पॅकेज दुसऱ्यावर, दुसरे तिसऱ्यावर अवलंबून असते. ही साखळी हाताने सोडविणे मात्र त्रासाचेच होते. ती आपोआप सोडविणारे ‘ॲप्ट’ हे साधन डेबियनच्या १९९९ मधील २·१ या आवृत्तीत समाविष्ट झाले. रेड हॅटच्या परंपरेत हे काम प्रथम ‘यम’ व पुढे, फेडोरा वितरणात २०१५ पासून, ‘डीएनएफ’ करू लागले. भारतात प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅकने) तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवर आधारलेली असून तीत मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे. त्यामुळे पुढे डेबियनविषयी जे सांगितले आहे ते बहुतांशी तिलाही लागू पडते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पाने लिनक्सविषयक दृक्‌श्राव्य पाठ मराठीतही उपलब्ध केले आहेत.

अद्ययावतीकरणाची गरज व धोका : अद्ययावतीकरण न करणे धोक्याचे आहे आणि करणेही धोक्याचे आहे. ही दोन्ही विधाने एकाच घटनेने महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सिद्ध केली. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक आज्ञावलीने जगभरातील संगणक निकामी केले. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक बंद पडल्याने न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील, त्याच समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या धक्क्यावरील कंटेनरांची हाताळणी खोळंबली. मर्स्कला पुढे सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. ही आज्ञावली ज्या छिद्रातून एका यंत्रावरून दुसऱ्यावर पसरली त्यांपैकी एकाची दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती बसविली नाही त्यांची दारे उघडी राहिली (चोरलेल्या पासवर्डांच्या आधारेही ती पसरत असल्याने दुरुस्ती केलेली यंत्रेही सर्वस्वी सुरक्षित नव्हती). परंतु ती मुळात आत आली कशी? युक्रेनमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अद्ययावतीकरणातून. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये शिरून विष तेथेच मिसळले होते. ही यंत्रे लिनक्सवर चालणारी नव्हती. तथापि प्रश्न प्रणालीचा नव्हताच. दुरुस्ती म्हणून जे येते ते खरोखर कोणाकडून येते, हा तो प्रश्न होता.

विश्वासाची साखळी : लिनक्स वितरणांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर अंकीय स्वाक्षरीचे आहे. डेबियनच्या भांडारातील प्रत्येक पॅकेजची एक गणिती मुद्रा काढलेली असते. पॅकेजमधील एक अक्षर जरी बदलले, तरी मुद्रा पूर्णपणे वेगळी येते. सर्व मुद्रा एका सूचीत, त्या सूचीची मुद्रा दुसऱ्या एका लहान पत्रकात आणि त्या पत्रकावर प्रकल्पाची स्वाक्षरी, अशी ही उतरंड असते. स्वाक्षरी पडताळण्याची किल्ली प्रणालीबरोबरच संगणकात आलेली असते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन ४·० पासून ही पडताळणी ॲप्टच्या नेहमीच्या कामाचा भाग झाली. तिचा एक व्यावहारिक लाभ ग्रामीण भागात विशेष जाणवण्यासारखा आहे. विश्वास वाहिनीवर नसून मालावर असल्यामुळे पॅकेजे कोणत्या मार्गाने आली याला महत्त्व उरत नाही. अकोले तालुक्यातील डोंगराळ भागातल्या एखाद्या शाळेत आंतरजाल क्षीण असेल, तर पॅकेजे संगमनेरला उतरवून पेन ड्राइव्हवर नेली तरी पडताळणी तितकीच काटेकोर होते. किंवा प्रयोगशाळेतील एका संगणकाने ती एकदा आणून साठविली आणि उरलेल्या वीस संगणकांनी त्याच्याकडून घेतली, तरी चालते. यादीच्या पत्रकावर तारीखही असते. हल्लेखोराने जुनीच, पण खरी स्वाक्षरी असलेली यादी पुनःपुन्हा पुढे करून संगणकाला दुरुस्तीपासून वंचित ठेवू नये म्हणून ही योजना आहे. तिचा अनपेक्षित फटका जुन्या यंत्रांना बसतो. आतील घड्याळाची बटणाएवढी बॅटरी संपलेला संगणक सुरू होताच कित्येक वर्षे मागची तारीख दाखवितो, आणि मग ‘ही यादी अद्याप वैध नाही’ असे म्हणून ॲप्ट ती नाकारते. अशा वेळी पडताळणी बंद करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो मानू नये. तारीख दुरुस्त करावी, बॅटरी बदलावी.

साखळी कितीही उत्तम असली, तरी तिच्या टोकाशी माणसेच असतात. २००६ मध्ये डेबियनच्या एका पॅकेजकाराने ओपन-एसएसएल या गुप्तलेखनाच्या संग्रहातील एक ओळ अनावश्यक समजून काढली. तिच्यामुळे यादृच्छिक संख्या निर्माण करण्याचे सामर्थ्य जवळजवळ नाहीसे झाले आणि प्रत्येक प्रकारच्या केवळ सुमारे ३२ हजारच गुप्त किल्ल्या संभवू लागल्या. त्या सगळ्या आधीच काढून ठेवणे कोणालाही शक्य होते. १३ मे २००८ रोजी हा दोष जाहीर झाला. येथे स्वाक्षऱ्या खऱ्या होत्या, भांडार खरे होते, माणूसही प्रामाणिक होता. शिवाय दुरुस्त पॅकेज बसवून भागण्यासारखे नव्हते, कारण मधल्या काळात निर्माण केलेल्या दुबळ्या किल्ल्या तशाच राहिल्या होत्या. त्या शोधून बदलाव्या लागल्या. जानेवारी २०१९ मध्ये तर ॲप्टमध्येच दोष सापडला. दुरुस्ती ज्या साधनाने आणावयाची तेच सदोष असल्याने, पुनर्निर्देशन बंद ठेवून ॲप्ट अद्ययावत करावे, अशी स्वतंत्र सूचना डेबियनला द्यावी लागली.

याहून गंभीर प्रकरण २०२४ चे. ‘एक्स-झेड’ या दाबसंक्षेपाच्या लहानशा, पण जवळजवळ प्रत्येक लिनक्स संगणकात असणाऱ्या साधनाच्या देखभालीत एका अज्ञात व्यक्तीने सुमारे दोन वर्षे सहकार्य करून विश्वास संपादन केला आणि त्याच्या ५·६·० व ५·६·१ या आवृत्त्यांत चोरवाट घातली. आंद्रेस फ्रॉइन्ड या विकसकाला दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे असे जाणवले. त्याचा माग काढताना २९ मार्च २०२४ रोजी हे कारस्थान उघडकीस आले. त्या आवृत्त्या डेबियनच्या चाचणी शाखांत आणि फेडोराच्या पूर्वप्रसिद्ध आवृत्तींत पोचल्या होत्या. डेबियनच्या स्थिर शाखेत मात्र पोचल्या नव्हत्या. ज्यांनी सर्वांत नवे तेच सर्वांत सुरक्षित मानले ते या वेळी संकटात होते आणि जे एक पायरी मागे होते ते वाचले. नवी वैशिष्ट्ये उशिरा घ्यावीत व सुरक्षेच्या दुरुस्त्या तातडीने, असा जो दंडक स्थिर वितरणांनी घालून दिला आहे त्यामागे अशा प्रसंगांचा अनुभव आहे. त्यासाठी स्थिर वितरण जुनी आवृत्ती न बदलता तिच्यातच नेमकी दुरुस्ती बसविते. त्यामुळे क्रमांक जुना दिसला म्हणजे पॅकेज सदोष आहे असे होत नाही. लेखापरीक्षणाला आलेले लोकही येथे कधी कधी फसतात. क्रमांकाच्या शेवटी जोडलेला वितरणाचा प्रत्यय पाहावा लागतो.

बदलाची यंत्रणा : चालू संगणकातील आज्ञावली तो बंद न करता बदलता येते, याचे कारण लिनक्सच्या फाईल-व्यवस्थेत आहे. तेथे फाईलचे नाव व फाईलचा मजकूर या दोन वेगळ्या वस्तू असून नाव म्हणजे मजकुराकडे जाणारी केवळ पाटी होय. डीपीकेजी नवी फाईल तात्पुरत्या नावाने पूर्णपणे लिहून काढते आणि मग एका अविभाज्य कृतीने पाटी नव्या मजकुराकडे वळविते. कोणत्याही क्षणी त्या नावामागे संपूर्ण जुनी किंवा संपूर्ण नवी फाईल असते. अर्धवट कधी नसते. जी आज्ञावली त्या वेळी चालू आहे तिच्या हाती जुना मजकूर तसाच राहतो व ती बंद होईपर्यंत तो नष्ट होत नाही.

हीच सोय फसवीही ठरते. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपन-एसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ हा दोष जाहीर झाला. त्यातून सर्व्हरच्या स्मृतीतील गुप्त मजकूर बाहेर वाचता येत असे. दुरुस्ती त्याच सुमारास उपलब्ध झाली. परंतु ती बसवूनही, पूर्वीपासून चालू असलेली संकेतस्थळाची सेवा स्मृतीतील जुनाच, सदोष संग्रह वापरीत राहते. पॅकेजची नोंदवही ‘दुरुस्त’ म्हणते व यंत्र प्रत्यक्षात सदोष असते. म्हणून संग्रह बदलल्यावर त्यावर अवलंबून असलेल्या सेवा पुन्हा सुरू कराव्या लागतात आणि गाभा बदलला असेल तर संगणकच. कोणत्या सेवा जुन्या फायली धरून बसल्या आहेत हे दाखविणारी ‘नीड-रीस्टार्ट’सारखी साधने आहेत. महिनोन्‌महिने अखंड चालू असलेल्या सर्व्हरचा अभिमान बाळगणारे तंत्रज्ञ आढळतात. त्या अभिमानाचे विषय बहुधा न बदललेले गाभे असतात.

पॅकेज बसविण्याचे काम उलगडणे आणि संरचना लावणे अशा दोन टप्प्यांत होते व प्रत्येक पॅकेज कोणत्या टप्प्यावर आहे हे नोंदले जाते. भारनियमनाची सवय असलेल्या भागात याचे महत्त्व सांगावयास नको. वीज मध्येच गेली, तर फायली नव्या पण संरचना अपुरी अशा अवस्थेत काही पॅकेजे अडकतात. वीज आल्यावर डीपीकेजीला उरलेल्या सर्वांची संरचना पूर्ण करण्याची आज्ञा दिली की ते जेथे थांबले तेथून पुढे जाते. काम चालू असताना दुसऱ्या संगणकावरून दूरस्थ जोडणी तुटणे हाही त्याच जातीचा अपघात आहे. तो टाळण्यासाठी, जोडणी तुटली तरी चालू राहणाऱ्या ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’ या सत्रात काम करावे. चक्ती पूर्ण भरणे हे तिसरे कारण. विशेषतः जुने गाभे साठत गेल्याने प्रारंभ-विभाग भरून जातो व नवा गाभा अर्धवट लिहिला जातो. जागा आधी पाहणे हे काम एका ओळीच्या आज्ञेचे आहे, आणि तेच बहुधा राहून जाते.

स्थानिक व्यवस्थापकाने एखादी संरचना-फाईल हाताने बदलली असेल आणि नव्या पॅकेजमध्येही तिची नवी प्रत असेल, तर डीपीकेजी थांबून विचारते. काहीच न निवडता पुढे गेल्यास जुनी, हाताने बदललेली प्रत कायम राहते व नवी बाजूला ठेवली जाते. बहुतेक वेळा हेच इष्ट असते. मात्र नव्या आवृत्तीने जुनी सूचना ओळखणेच सोडले असेल, तर सेवा सुरू होत नाही. त्यामुळे दोन्ही प्रतींतील फरक वाचूनच उत्तर द्यावे.

नावे व क्रम यांतील बदल : वरील अपघात निदान लगेच दिसतात. ज्यांचा परिणाम उशिरा व गुपचूप होतो असे बदल अधिक जाचक असतात आणि त्यांचा संबंध अनेकदा स्थलनामे, वेळ व वर्णक्रम यांसारख्या निरुपद्रवी वाटणाऱ्या माहितीशी असतो. अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. ज्या संगणकीय नोंदवहीत जिल्ह्याचे नाव हीच ओळख म्हणून वापरलेली असेल, तेथे नुसते नाव बदलल्यास जुन्या नोंदी पोरक्या होतात. जुने नाव नव्याकडे निर्देश करणारे पर्यायी नाव म्हणून काही काळ ठेवावे लागते. पॅकेजांच्या जगात नेमके हेच केले जाते. पॅकेजचे नाव बदलले की जुन्या नावाचे एक रिकामे ‘संक्रमणी’ पॅकेज ठेवितात. ते स्वतः काही करीत नाही, केवळ नव्या नावावर अवलंबून असते आणि अद्ययावतीकरणाच्या वेळी वाट दाखविते. पुढील आवृत्तीत ते काढून टाकले जाते. मधली आवृत्ती गाळून उडी मारणाऱ्याला ती पाटी दिसतच नाही. डेबियनच्या एका आवृत्तीवरून थेट तिसरीवर जाऊ नये, या नियमाचे हे एक कारण आहे.

पर्यायी नावे काढल्याचा उपद्रव अलीकडेच भारतीय वापरकर्त्यांच्या वाट्याला आला. जगातील प्रमाणवेळांच्या संगणकीय सूचीत भारतीय वेळ पूर्वी ‘एशिया/कलकत्ता’ या नावाने होती. ते शहर कोलकाता झाल्यावर सूचीतील मुख्य नाव ‘एशिया/कोलकाता’ झाले व जुने नाव पर्यायी म्हणून राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ मध्ये अशी सर्व जुनी नावे मुख्य पॅकेजमधून काढून एका वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवण्यात आली. जावा भाषेतील अनेक आज्ञावल्या भारतीय वेळेसाठी अद्याप जुनेच नाव पाठवितात. परिणामी डेबियन १३ वरील पोस्टग्रेस्क्यूएल या माहिती-संचय प्रणालीने ‘एशिया/कलकत्ता’ हे नाव न ओळखून जोडणीच नाकारली, असा अनुभव आला. लंडनमध्ये किंवा टोकिओत बसून चाचणी करणाऱ्याला हा दोष दिसण्याचे कारण नव्हते. उपाय सोपा आहे : जुन्या नावांचे पॅकेज वेगळे बसवावे किंवा आज्ञावलीतील नाव बदलावे. कारण कळेपर्यंत मात्र कार्यालयाचे काम थांबते.

वर्णक्रमाचे प्रकरण याहून खोल आहे. शब्दांचा क्रम लावण्याचे नियम लिनक्समध्ये ‘जीलिब्सी’ या मूलभूत संग्रहात असतात. ऑगस्ट २०१८ मध्ये निघालेल्या त्याच्या २·२८ या आवृत्तीत हे नियम आंतरराष्ट्रीय मानकाच्या नव्या पाठानुसार बदलण्यात आले आणि २०१९ मधील डेबियन १० व रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ यांच्याबरोबर ते असंख्य सर्व्हरांवर पोचले. उदाहरणार्थ, इंग्रजी क्रमनियमांनुसार पूर्वी ‘११’ हे ‘१-१’ च्या आधी येत असे (दोन्ही आंतरराष्ट्रीय अंकांत लिहिलेली असताना). आता ‘१-१’ आधी येते. वरवर पाहता हा किरकोळ फरक आहे. परंतु पोस्टग्रेस्क्यूएलसारखी प्रणाली लक्षावधी नोंदींतून एक नोंद शोधण्यासाठी क्रमवार लावलेली अनुक्रमणिका वापरते. शब्दकोशातील पाने जुन्या वर्णक्रमाने लावलेली आणि शोधणारा नव्या वर्णक्रमाने शोधतो, अशी स्थिती झाल्यावर असलेला शब्दही सापडत नाही. समजा, श्रीगोंद्यातील एखाद्या पतसंस्थेने आपल्या सर्व्हरवरील प्रणाली जुन्या आवृत्तीवरून अशी पुढे नेली. काहीही बिघडल्याचे दिसणार नाही. पण एखाद्या सभासदाचे खाते शोधल्यावर ‘नोंद नाही’ असे उत्तर येईल. लिपिक त्याला नव्याने नोंदवील आणि दोनदा नोंद होऊ नये म्हणून घातलेला निर्बंधही, त्याच अनुक्रमणिकेवर विसंबून असल्याने, ती नोंद स्वीकारील. एका ठेवीदाराची दोन खाती आणि दोन्हींत अर्धे अर्धे व्यवहार, हे लेखापरीक्षणात उघडकीस येईपर्यंत मूळ प्रणालीची सुरक्षाप्रतही कदाचित पुसली गेलेली असेल. यावरचा उपाय, म्हणजे प्रणाली बदलताच मजकुरावरील सर्व अनुक्रमणिका नव्याने बांधणे, एका आज्ञेचा आहे. पोस्टग्रेस्क्यूएलच्या अलीकडच्या आवृत्त्या नियम बदलल्याचा इशाराही देतात. इशारे साठतात त्या फाईलकडे कोणीतरी पाहिले पाहिजे, इतकेच.

वितरणाची आवृत्ती बदलणे : दैनंदिन दुरुस्त्या व संपूर्ण वितरणाची आवृत्ती बदलणे ही कामे वेगळ्या वजनाची आहेत. पहिल्या प्रकारात सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या आपोआप बसविण्याची सोय चालू ठेवणे बहुतेक संगणकांच्या बाबतीत योग्यच आहे. त्यामुळे क्वचित एखादी सेवा बिघडेल. न ठेवल्यास छिद्रे निश्चितपणे उघडी राहतील. दुसऱ्या प्रकारचे काम स्थिर वितरणात साधारणपणे दोन वर्षांनी येते व त्याला एक मोकळा दिवस द्यावा लागतो. त्या आवृत्तीबरोबर प्रसिद्ध होणारी सूचनापत्रिका आधी वाचावी. वर वर्णिलेल्यासारखे बदल तीत बहुधा नोंदलेले असतात. जुनी आवृत्ती शेवटच्या दुरुस्तीपर्यंत आणावी. वितरणाबाहेरील भांडारे बंद करावीत, कारण त्यांतील पॅकेजे नव्या आवृत्तीशी जुळतील याची हमी कोणीच दिलेली नसते आणि अडकलेल्या अद्ययावतीकरणांचे मूळ पुष्कळदा तेथेच सापडते. मग प्रथम साधे ‘अपग्रेड’ करावे, जे काहीही काढून टाकीत नाही, व त्यानंतर ‘फुल-अपग्रेड’, जे अवलंबित्वाची गाठ सोडविण्यासाठी पॅकेजे काढूही शकते. काढावयाच्या पॅकेजांची यादी पडद्यावर येते व संगणक होकार मागतो. त्या यादीत आपल्या कामाचे सॉफ्टवेअर दिसूनही सवयीने होकार दिला जातो, ही या क्षेत्रातील सर्वांत सामान्य चूक असावी. प्रत्यक्ष बदल न करता नुसता अंदाज दाखविण्याची सोय ॲप्टमध्ये आहे, ती आधी वापरणे चांगले.

आधार संपलेली आवृत्ती वापरीत राहणे हे यातून सुटण्याचे साधन नव्हे. सेंटओएस ७ या भारतीय कार्यालयांत व महाविद्यालयांत लोकप्रिय असलेल्या वितरणाचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. सेंटओएस ८ चा तर त्याही आधी, ३१ डिसेंबर २०२१ रोजी, अपेक्षेपेक्षा कित्येक वर्षे लवकर संपविण्यात आला. त्यानंतर ‘अपडेट’ची आज्ञा देणाऱ्याला नव्या दुरुस्त्या मिळेनाशा झाल्या.

माघार : बदल फसला तर पूर्वस्थितीत येता येणे, ही सुरक्षिततेची अखेरची तजवीज होय. गाभ्याच्या बाबतीत ती लिनक्समध्ये जवळजवळ फुकट मिळते. नवा गाभा जुन्याच्या शेजारी बसविला जातो आणि नव्याने संगणक सुरू न झाल्यास आरंभीच्या यादीतून जुना निवडता येतो. डीएनएफ केलेल्या व्यवहारांचा इतिहास ठेविते व एखादा व्यवहार उलटविण्याचा प्रयत्न करू शकते. ओपनसुसे वितरणात ‘बीटीआरएफएस’ या फाईल-व्यवस्थेच्या आधारे प्रत्येक अद्ययावतीकरणापूर्वी व नंतर प्रणालीची प्रतिमा घेतली जाते. यांपैकी कोणतेही साधन माहिती परत आणत नाही. डेबियनने २०१७ मधील ९ व्या आवृत्तीत ‘मायएसक्यूएल’च्या जागी ‘मारियाडीबी’ दिली तेव्हा, साठविलेल्या माहितीचे रूपांतर एकदा झाले की जुन्या आज्ञावलीला ती वाचता येणार नाही, असे सूचनापत्रिकेत बजाविले होते. त्यामुळे माहितीची प्रत स्वतंत्रपणे, मजकुराच्या रूपात, दुसऱ्या यंत्रावर घेतलेली असावी लागते आणि ती तेथे परत भरून पाहिलेली असावी लागते.

माघारीची सर्वांत सुटसुटीत योजना एका मुलांच्या संगणकात होती. ‘प्रत्येक बालकास एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय योजनेचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील (अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत वेगळे) खैराट या खेड्यातील प्राथमिक शाळेत झाला. मुलांना दिलेले ‘एक्सओ’ हे हिरवे-पांढरे लॅपटॉप फेडोरा लिनक्सवर चालत. त्यांची संपूर्ण स्मृतिसाठवण अवघी १ गिगाबाइट होती. तरीही या संगणकाच्या अद्ययावतीकरणाची रचना अशी होती की, नवी प्रणाली जुनीवर न लिहिता तिच्या शेजारी ठेवली जाई. दोहोंत समान असलेल्या फायली एकदाच साठविल्या जात आणि आंतरजालावरून केवळ बदललेला भाग उतरविला जाई. नवी प्रणाली बिघडली, तर संगणक सुरू करताना पडद्याशेजारची वर्तुळाच्या खुणेची कळ दाबून धरली की जुनी प्रणाली सुरू होई. यासाठी तंत्रज्ञाची गरज नव्हती. मुलांची चित्रे व लेखन दोन्ही प्रणालींबाहेर, वेगळ्या जागी असे, त्यामुळे कोणतीही प्रणाली सुरू झाली तरी ते तसेच सापडे. दोन प्रणाली शेजारी ठेवण्याची हीच कल्पना २०१६ पासून, लिनक्सच्याच गाभ्यावर उभ्या असलेल्या अँड्रॉइड भ्रमणध्वनींत वापरात आली आहे.